मदत हवी आहे: ३३ व्या वर्षी टाळू रुंद करणं आणि जबड्याचं ऑपरेशन, एकदा की दोनदा?

नमस्कार मंडळी. मुलांच्या तारांवर बरेच धागे सापडले, मोठ्या माणसांच्या जबड्यावर एकही नाही, म्हणून नवीन काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

माझा खालचा जबडा वरच्याच्या पुढे आहे. वरच्या दाढा दोन्ही बाजूंना खालच्या दाढांच्या आत बसतात (क्रॉसबाइट), आणि पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. शिवताना दोरा दाताने तोडायला जावं तर तो फटीतून नुसता सरकतो. मी तो सुळ्यापाशी नेऊन तोडते. सगळे असंच करतात असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं.

१५ व्या वर्षी तारा लावून झाल्यात. तेव्हा वरच्या दाढा बाहेर ढकलून क्रॉसबाइट 'सुटला' होता. दोन वर्षं रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारी काढघालीची तार) घातला, मग तो डबीत गेला तो गेलाच (चूक माझीच). क्रॉसबाइट परत आला. वर सुळ्यांमागच्या दाढांच्या हिरड्या उतरल्यात (मुळं उघडी पडलीत), तिथे गार पाणी लागलं की कळ थेट डोळ्यात जाते.

आता तीन ठिकाणी दाखवलं, तीन मतं मिळाली.

एक ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावणारे दंतवैद्य) म्हणतात, टाळूच्या हाडात चार मिनी-स्क्रू बसवून त्यावर एक्स्पांडर (किल्लीने थोडं थोडं फिरवून टाळू रुंद करणारा स्क्रू) लावू, म्हणजे मार्पे. मग तारा. जबड्याचं ऑपरेशन टाळता आलं तर टाळू.

एक सर्जन म्हणतात, या वयात टाळूचा मधला सांधा जुळलेला असणार. आधी छोटं ऑपरेशन करून तो मोकळा करू (सार्पे), तारांनी दात ओळीत लावून घेऊ आणि साधारण वर्षभराने दोन्ही जबड्यांचं मोठं ऑपरेशन.

दुसरे सर्जन म्हणतात, दोनदा भूल कशाला? मोठ्या ऑपरेशनमध्येच वरच्या जबड्याचे तुकडे करून रुंद करू.

मार्पे, सार्पे ऐकून सर्पमित्र झाल्यासारखं वाटतंय. खर्चाचं विचारत नाहीये, ते माझं मी बघेन. प्रश्न असा की तीन जाणती माणसं एकाच तोंडात बघून तीन वेगळ्या गोष्टी कशा सांगतात, आणि यातून निवड कशाच्या आधारावर करायची? ज्यांचं झालंय त्यांनी जरूर लिहा. खालचा ओठ कायमचा बधिर होतो म्हणतात, त्याचीही धास्ती आहे.

प्रतिसाद (सार्पे झालेली)

माझं २९ व्या वर्षी झालं. ऑपरेशनची जितकी भीती होती तितकं ते वाईट नव्हतं. चार दिवस गाल फुगले, नाकातून थोडं रक्त. आठवड्याने किल्ली फिरवायला सुरुवात. सकाळी एक वळसा, रात्री एक, प्रत्येकी पाव मिलिमीटर. आरशासमोर तोंड वासून ते छोटंसं भोक शोधायचं, किल्ली अडकवायची आणि मागे ढकलायची. दुखत नाही, पण नाकाच्या मुळाशी कोणीतरी पाचर ठोकतंय असा दाब येतो.

पाच-सहा दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडायला लागली. ती पडलीच पाहिजे, हाड उघडत असल्याची ती खूण. माझी शेवटी इतकी झाली की जिभेचं टोक जायचं. बोलताना 'स'ची शिट्टी आणि 'चांगलं'चं 'शांगलं'. ऑफिसात दीड महिना मी फोन टाळले. फट पुढे तारांनी बंद झाली. एक्स्पांडर मात्र रुंदी मिळाल्यावर लगेच काढत नाहीत, मधे नवं हाड भरेपर्यंत काही महिने तसाच राहतो. अन्न अडकतं, दर जेवणानंतर चूळ आणि बारीक ब्रश. या भागाबद्दल कोणी आधी बोलत नाही.

प्रतिसाद

ऑपरेशनच्या आधी जीभ टाळूला चिकटवून ठेवायचे व्यायाम करून बघा. व्हिडिओ आहेत, सहा महिन्यांत चेहरा बदलतो.

प्रतिसाद (ऑर्थोडॉन्टिस्ट)

वरच्या प्रतिसादाकडे कृपया दुर्लक्ष करा. ३३ व्या वर्षी जिभेने टाळूचं हाड रुंद होत नाही. जीभ सतत दातांवर दाबण्याची सवय असेल तर ती सोडवायलाच हवी, कारण तिच्यामुळे ओपन बाइट (पुढचे दात न टेकणं) परत येऊ शकतो. पण तो मुद्दा वेगळा.

तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे कोणाचं बरोबर हे सांगणार नाही. पण तुम्ही 'रुंद कसं करायचं' विचारताय आणि त्याआधीचा प्रश्न राहून गेलाय: वरचा जबडा खरोखर किती अरुंद आहे?

दातांची कमान घोड्याच्या नालासारखी, मागे रुंद होत जाते. तुमची खालची कमान पुढे आहे, म्हणजे तिचा रुंद भाग वरच्या अरुंद भागासमोर आलाय. त्यामुळे वरचा जबडा ठीक असला तरी क्रॉसबाइट दिसू शकतो. जबडे जागेवर आणले की तो आपोआप जातो किंवा कमी होतो. घरी दातांची प्लास्टरची मॉडेल असतील तर हातात घेऊन बघा. खालचं मॉडेल मागे सरकवा, वरच्या सुळ्याचं टोक खालचा सुळा आणि त्याच्यामागची दाढ यांच्या मधल्या खाचेत बसेपर्यंत. मग दाढांकडे बघा. आता जो क्रॉसबाइट उरेल तो खरा.

तुमच्या बाबतीत एक मेख आहे. तुमच्या वरच्या दाढा पूर्वीच्या तारांनी बाहेर कललेल्या असू शकतात, हिरड्या उतरल्यात त्यावरून तरी तशी शंका येते. म्हणजे हाड अरुंदच राहिलं आणि दात तेवढे झुकले. ऑपरेशनपूर्वी तारांनी दात हाडावर सरळ उभे करतात, तेव्हा लपलेली कमतरता उघडी पडते. (त्या काळात चावा आणखी वाईट दिसतो. घाबरू नका, तसंच अपेक्षित असतं.) म्हणून मॉडेलवर जे दिसेल त्यात ही भर धरावी लागते, आणि ती सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) दाढांचा कल मोजून काढतात.

खरी कमतरता थोडी, म्हणजे ५-६ मिमीच्या आत असेल तर तुकडे करून एकाच ऑपरेशनात भागू शकतं. त्याहून जास्त असेल तर आधी वेगळं रुंद करणं बरं. कारण वरच्या जबड्याच्या हालचालींत तुकड्यांनी वाढवलेली रुंदी सर्वांत कमी टिकते, टाळूवरचं मऊ आवरण तिला परत आत ओढत असतं. ऑपरेशननंतर काही आठवडे टाळूवर स्प्लिंट (प्लास्टिकची कडक पट्टी) ठेवतात ती त्यासाठीच.

मार्पेचं म्हणाल तर सांधा किती जुळलाय हे वयावरून ठरत नाही, स्कॅनवर बघतात. ए ते ई असे टप्पे आहेत. डी-ई म्हणजे बराचसा किंवा पूर्ण जुळलेला, तिथे मार्पे फसण्याची शक्यता मोठी. सांधा उघडला नाही तर स्क्रू तिरके होतात आणि दाढा आणखी बाहेर कलतात. तुमच्या हिरड्यांना ते परवडणारं नाही. आणि उघडला तरी रुंदी मिळेल, खालचा जबडा मागे जाणार नाही.

जाता जाता, वरच्या जबड्याच्या ऑपरेशनला 'ले फोर्ट' का म्हणतात? या फ्रेंच सर्जनने मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून हाडं कुठल्या रेषांवर तुटतात ते पाहिलं आणि १९०१ मध्ये मांडलं. त्यातल्या सर्वांत खालच्या रेषेवर आज आम्ही जबडा मुद्दाम सोडवतो.

प्रतिसाद (दोन्ही जबडे झालेला)

ओठाबद्दल. खालच्या जबड्यात नस हाडाच्या आतून जाते आणि हाड तिच्या कडेनेच उभं चिरतात. त्यामुळे सुरुवातीला बधिरपणा जवळजवळ सगळ्यांनाच येतो. मला तीन महिने हनुवटीवर दाढी करताना दुसऱ्याचीच करतोय असं वाटायचं. मग मुंग्या, मग खाज, आणि ती खाज म्हणजे चांगली बातमी. वर्षभरात बहुतेक सगळं आलं, डाव्या बाजूला नखाएवढी जागा अजून झोपलेली आहे. ओठ हलतो नीट, फक्त जाणवत नाही. वय वाढेल तशी पूर्ण परत न येण्याची शक्यता वाढते, हे सर्जनना स्पष्ट विचारा. आणि खालच्या अक्कलदाढा असतील तर आधी काढायच्या का, तेही. माझ्या सहा महिने आधी काढल्या होत्या.

पातळ खाण्याचे आठवडे कठीण गेले. मिक्सरचा आवाज आला की अजून जीव नको होतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री माळ्यावरून मॉडेलचा डबा काढला. (पहिल्या सर्जनकडची, चार महिन्यांपूर्वीची आहेत, १५ व्या वर्षीची नव्हेत.) जेवणाच्या टेबलावर मांडून खालचं मागे सरकवलं आणि बघतच बसले. डावीकडच्या दाढा चक्क बरोबर बसल्या! उजवीकडे एक मोठी दाढ अजून आतच आहे, साधारण अर्ध्या दाढेएवढी. नवऱ्याला वाटलं मी कोडं सोडवतेय.

पण वरचं मॉडेल मागून डोळ्यांच्या रेषेत धरलं तर दाढा खरंच बाहेर झुकलेल्या दिसतात, उजवीकडे जास्त. म्हणजे मेख लागू आहे.

स्कॅन कोणीच केलेला नाही. तिघांनीही नेहमीच्या एक्स-रेवरच मत दिलं होतं, हे आत्ता लक्षात आलं. मंगळवारी दुसऱ्या सर्जनची वेळ आहे. डबा घेऊन जाणार आहे आणि दोनच प्रश्न विचारणार: दाढा सरळ केल्या की किती मिलिमीटर कमी पडतील, आणि सांधा कुठल्या टप्प्यात आहे. अजून काही विचारायला हवं असेल तर सोमवारपर्यंत लिहा.