मदत हवी आहे: फडफडत्या पंखांचं यान स्वतःचं वजन पेलत नाही

साळगावचा_चतुर: मंडळी, चार पंखांचं फडफडतं यान केलंय. टोकापासून टोकापर्यंत 28 सेंमी, वजन 21 ग्रॅम. काट्यावर उचल 13 ग्रॅमच्या वर जातच नाही. गिअर बदलू की पंख? शनिवारी फोंड्याला दाखवायचंय, लवकर सांगा.

मांडवीकाठ: पंखांचे सेकंदाला ठोके किती? मोटर, गिअर रेशो, बॅटरी, पंखाची फिल्म, यातलं काहीच लिहिलेलं नाही.

साळगावचा_चतुर: 7 मिमीची कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर, गिअर 25:1, म्हणजे मोटरीच्या 25 फेऱ्यांना एक ठोका, एका सेलची 70 एमएएच लिपो बॅटरी. ठोके कसे मोजू?

मांडवीकाठ: फोनवर 240 फ्रेमचं स्लो-मोशन घ्या. एका ठोक्याला 22 फ्रेम लागल्या तर सेकंदाला 11 ठोके.

साळगावचा_चतुर: 22च आल्या.

सुरंगी: उचल ठोक्यांच्या वर्गाप्रमाणे वाढते. 13 वरून 21 ग्रॅम हवे तर ठोके 14 लागतील, आणि ताकद घनाप्रमाणे, म्हणजे दुप्पट. 70 एमएएचचा सेल 15सी, म्हणजे क्षमतेच्या 15 पट करंट देणारा, असेल तर जेमतेम 1 अँपिअर देईल, व्होल्टेज बसेल. 150 एमएएचचा लावा.

काजरो: आणि वाढलेले दोन ग्रॅम कोण उचलणार? सरळ 20:1 करा, ठोके वाढतील.

मांडवीकाठ: काजरो, नाही वाढणार. लोड नसताना मोटर किती फिरते, ते आधी कळू दे.

साळगावचा_चतुर: मिनिटाला साधारण 45 हजार फेरे.

मांडवीकाठ: मग 11 ठोक्यांना ती 16,500 वर फिरतेय. ब्रशवाली मोटर लोड नसतानाच्या निम्म्या वेगाला सर्वांत जास्त ताकद देते. तुमची त्याच्याही खाली दबलीय. 20:1 केलं तर आणखी दबेल, तापेल. उलट 32:1 करून बघा. ठोके कमी होणार नाहीत, करंट मात्र उतरेल आणि सेलला दम मिळेल.

डिचोली_ड्रोन: परवानगी घेतलीत का? दाबोळीला नौदलाचा तळ आहे, आता मोपाचा विमानतळही आहे. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो वर्गात येतं, पण नकाशावर लाल (मनाईचं) क्षेत्र बघूनच उडवा.

साळगावचा_चतुर: बंद हॉलमध्ये उडवणार आहे. फिल्मचं विचारलं होतं ना: फुलांच्या गुच्छाला गुंडाळतात तो पारदर्शक कागद, 30 मायक्रॉन. छान ताणून बसवलाय, एक सुरकुती नाही.

आबोली: दोष तिथेच आहे! ताठ ताणलेला पंख पिळ खात नाही. जाता-येता दोन्ही फटक्यांत तो हवेला आडवा आपटतो, ओढ वाढते, उचल नाही. फटक्याच्या वेळी मागची कड मागे राहायला हवी, तरच पुढच्या कडेवरचा भोवरा धरून राहतो. किड्यांची जादा उचल त्याच भोवऱ्यातून येते. संशोधक एलिंग्टन यांनी 1996 मध्ये हॉकमॉथ या पतंगावर तो दाखवला. पुढची दांडी आणि मुळाची दांडी यांत 90 अंश असतील तर फिल्म 100 अंशांची कापा आणि 90 मध्ये बसवा, म्हणजे फिल्म सैल राहून तिला पोट सुटेल. मग 5-5 अंशांनी वाढवत मोजा. फिल्म 5 मायक्रॉन मायलरची (पातळ पॉलिएस्टरची) घ्या, चारही पंख मिळून पाऊण ग्रॅम वाचेल. सुपरग्लू नको, या दमट हवेत कडेला पांढरा थर धरतो आणि फिल्म कडक होते. पातळ दुहेरी टेप वापरा.

काजरो: चतुर किड्यासारखे पुढचे-मागचे पंख आगेमागे हलवले तर हे सगळं लागणार नाही.

आबोली: चतुराच्या पंखांना थेट स्नायू जोडलेले असतात, प्रत्येक पंख वेगळा वळतो. एका मोटरीने ते कसं करणार? चार पंखांच्या यानाचा फायदा टाळीत आहे: पंख मिटून उघडताना मध्ये हवा ओढली जाते. वाइस-फॉग यांनी 1973 मध्ये एका इवल्याशा परजीवी गांधीलमाशीत हे मांडलं. तुमचे पंख मिटताना खरंच टेकतात का?

साळगावचा_चतुर: मध्ये 1 सेंमी राहतं.

आबोली: क्रँकची (पंख हलवणाऱ्या फिरत्या चकतीची) पिन थोडी बाहेर घ्या, 2-3 मिमीवर आणा.

सुरंगी: काटा कुठला? यान त्यावर कसं उभं करता?

साळगावचा_चतुर: स्वयंपाकघरातला. रुंद ताटलीवर उभं बांधतो, वजन किती घटतं ते बघतो.

सुरंगी: मग 13 हा आकडाच खोटा. पंखांनी खाली फेकलेली हवा ताटलीवर आपटून तिला दाबते, म्हणून उचल कमी दिसते. यान उलटं करून 40 सेंमी काठीवर बांधा, हवा वर जाऊ दे. वजन जितकं वाढेल तितकी उचल. छताचा पंखा बंद ठेवा.

साळगावचा_चतुर: उलटं मोजलं. 17 आले!

सुरंगी: मग 14 ठोके नकोत. नव्या फिल्मने वजन सव्वावीसवर येईल, तेव्हा 12 पुरे. म्हणून माझी बॅटरीची सूचना मागे घेते. वर चढायला थोडी जादा ताकद हवीच, ती पंख आणि गिअरमधून काढा. आधी पंख, मग गिअर. दोन्ही एकदम बदलू नका, कशाने फरक पडला ते कळणार नाही.

साळगावचा_चतुर: 5 मायक्रॉन मायलर पणजीत कुठे मिळेल?