परगावच्या बायकांचं गाव बदललं की एचआयव्हीपासूनचं संरक्षणही का सुटतं?

बुधवारकर_माई: पुण्यात बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत मी तपासणी शिबिरांना मदतीला जाते. तिथं बंगाल, कर्नाटक, नेपाळहून आलेल्या बऱ्याच जणी आहेत. त्यातली एक प्रेप घ्यायची, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी. एकदा बघते तर डबी रिकामी आणि गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या. म्हणाली, "डबी वाजते. कोठ्याची घरवाली विचारते, तुला एड्स झालाय का?" टेनोफोव्हिर हे औषध उपचारातही असतं, प्रेपमध्येही असतं. बघणाऱ्याला फरक कळत नाही.

पुढं ती भिवंडीला गेली. तिथं परत नाव, परत कागद, परत ओळख. गोळ्या सुटल्या. लागण झालेल्या माणसाला एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराचं केंद्र, बदलता येतं, मग प्रतिबंधाची नोंद बाईबरोबर का जाऊ नये? आणि दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवा. पहाटे झोपणारी बाई सकाळच्या ओपीडीला कशी येणार?

वसंतकाका_नाशिक: माई, राग मानू नका. यातल्या कितीतरी मुली फसवून आणलेल्या असतात. गोळ्या देणं म्हणजे त्यांना तिथंच ठेवायची सोय करणं. तो पैसा सुटकेवर आणि पुनर्वसनावर घाला.

कृष्णाकाठ: काका, फसवलेल्या मुलीची सुटका व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण ती होईपर्यंत तिनं संसर्ग पत्करायचा का? आमच्या सांगलीत संग्राम या संस्थेनं 1992 पासून काम केलं. बायकांनीच बायकांना निरोध वाटले, त्यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. धाड पडली की बायका पांगतात, आणि पांगलेली बाई दवाखान्याला सापडत नाही. 19 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जवळ निरोध सापडला तर तो गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही. पत्त्याचा पुरावा नसला तरी नाको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, किंवा राज्य एड्स नियंत्रण सोसायटीच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळू शकतं. हे किती जणींना माहीत आहे?

वसंतकाका_नाशिक: आधारचं माहीत नव्हतं. तरी माझं मत तेच आहे. सुटका आधी.

डॉ_सोलापूर: माझा विरोध वेगळ्या कारणानं. प्रेपआधी एचआयव्हीची चाचणी लागते, मूत्रपिंडाची लागते, मग ठरावीक महिन्यांनी पुन्हा. आधीच लागण झालेल्या बाईनं नुसत्या प्रेपच्या गोळीतल्या दोन औषधांवर राहिलं तर विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. शिवाय गरमी, परमा असे गुप्तरोग, गर्भ, यातलं काहीच ती गोळी थांबवत नाही. फिरत्या बायकांत निरोध आणि तपासणी यांवरच जोर द्या.

बुधवारकर_माई: चाचणीचं शंभर टक्के मान्य, डॉक्टर. पण निरोध गिऱ्हाइकाच्या मर्जीवर असतो. "दुप्पट देतो, पण तो नको" असं म्हणणारा रोज भेटतो, आणि महिनाअखेर तिला गावी पैसे पाठवायचे असतात. गोळी तिच्या एकटीच्या हातात असते. आता तर लेनाकापाविर हे प्रतिबंधाचं इंजेक्शन आलंय, सहा महिन्यांतून एकदा टोचायचं. 2024 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीचे आकडे आले. ते इंजेक्शन घेतलेल्या 2,134 तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. हैदराबादच्या दोन कंपन्या त्याची स्वस्त आवृत्ती बनवणार आहेत.

डॉ_सोलापूर: आकडे मोठे आहेत, नाकारत नाही. पण पुढच्या इंजेक्शनच्या वेळी ती सुरतेला असेल तर? औषध अंगात हळूहळू कमी होत जातं, तेवढ्यात लागण झाली तर विषाणू दाद न देण्याचा पुन्हा तोच धोका. नोंद बाईबरोबर जाणार नसेल तर इंजेक्शनचंही तेच होईल. तुमचा तो मुद्दा मला पटला. प्रेप सरसकट द्यायला मात्र अजून नाही म्हणेन.

पीअर_ताई: मी आधी धंद्यात होते, आता पीअर आहे, म्हणजे आपल्यातल्याच बायकांना दवाखान्याशी जोडून देते. कार्डावर नाव घालू नका, नुसता नंबर घाला. फोनवर मेसेज पाठवू नका, कितीजणींचा फोन घरवालीकडं नाहीतर मालकाकडं असतो. नव्या गावात दवाखाना शोधायला लावू नका, तिथल्या पीअरला आधी कळवा, ती स्टँडवर जाईल. आणि माई, गोळ्या पिशवीत ओलसर होतात. त्या डबीतच राहू देत, वर कापूस दाबून बसवायला सांगा. वाजत नाही.