आरव्ही-७ च्या रडरची मागची धार कमानीसारखी झालीय, रिव्हेट काढावेत का?

मांजराकाठ (लातूर)
राम राम मंडळी. व्हॅन्स आरव्ही-७ या घरी बांधायच्या छोट्या विमानाच्या टेल किटचं (शेपटीच्या भागाचं) काम पत्र्याच्या शेडमध्ये चालू आहे. दोन्ही स्टॅबिलायझर (शेपटीचे आडवा आणि उभा स्थिर पंख) झाले, आता रडर, म्हणजे उभं हलतं सुकाणू. मागच्या धारेत वेज (पाचरीसारखी पट्टी) बसवून प्रोसील (दोन भाग मिसळून लावायचं सीलंट) लावलं, स्टीलच्या अँगलला क्लेकोने (भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या पिनांनी) आवळून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या टोकापासून वरपर्यंत ओळीने एएन४२६एडी३-३.५ (सपाट डोक्याचे ३/३२ इंची रिव्हेट) ठोकले. दोरी ताणून पाहिलं तर मधोमध साडेतीन मिमी डावीकडे गेलंय. मॅन्युअलमध्ये साधारण ०.१ इंच, म्हणजे अडीच मिमीपर्यंत चालतं. प्रोसीलही अर्ध्यातच दोरीसारखं ओढायला लागलं होतं, डबा बी-२ चा, मुदत शिल्लक आहे.
शिवाय हॉरिझॉन्टल स्टॅबिलायझरच्या मागच्या स्पारवर (आतल्या मुख्य तुळईवर) पाच-सहा एएन४७० (गोल डोक्याच्या) रिव्हेटच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटलीय. हे सगळं काढून पुन्हा करायचं का?

वाळूज_टूलरूम
दादा, ड्रिल हातात घेऊ नका अजून. आधी सकाळी सहा-सातला, शेड तापायच्या आत, पुन्हा मोजा. दुपारी एका बाजूच्या स्किनवर (बाहेरच्या पत्र्यावर) ऊन किंवा तापल्या पत्र्याची धग असेल तर ती बाजू लांबते आणि धार वाकडी दिसते. रडर रात्रभर सावलीत, दोन्ही बाजूंनी मोकळा ठेवून मग दोरी लावा.

तरीही साडेतीन भरलं तर धारेवरून बोट फिरवा. एकसारखी लांब कमान असेल तर ती सरळ होते. रिव्हेटा-रिव्हेटांमध्ये लाटा असतील तर होत नाही. कमान असल्यास दोन्ही टोकांखाली जाड फेल्ट लावलेले लाकडी ठोकळे ठेवा, फुगीर बाजू वर, आणि मध्यावर दोन्ही तळवे धारेलगत टेकवून हळू दाबा. सोडा, मोजा, पुन्हा दाबा. एका दाबाला एक-दीड मिमीपेक्षा जास्त परतवायचं नाही. तळवा वेजवरच राहिला पाहिजे. पुढे स्किनवर सरकला तर स्टिफनरजवळ (आतल्या आधारपट्टीजवळ) घडी पडते, आणि ती घडी जन्मभर राहते.

मुळात असं झालं त्याची दोन कारणं. एक, एका टोकापासून सुरुवात. प्रत्येक रिव्हेट ठोकताना पत्रा किंचित ताणला जातो. सगळी शॉप-हेड (ठोकून चपटी झालेली दुसरी टोकं) एकाच बाजूला, त्यामुळे ताण साठत जातो आणि शेवटच्या टोकाला सगळा बाहेर पडतो. बरोबर पद्धत अशी: मधल्या भोकापासून दोन्हीकडे दर दहावा रिव्हेट अर्धाच बसवा. मग त्यांच्या मधले, मग त्यांच्याही मधले. सगळे अर्धे बसले की सरळपणा तपासा आणि त्याच क्रमाने पूर्ण करा. शॉप-हेड डिंपलमध्ये (डोकं बसायला पत्र्यात दाबून केलेल्या खळग्यात) किंचित खोलगट राहिलं तरी चालतं. गुळगुळीत करायच्या हट्टाने जास्त ठोकलं की धार लाटेसारखी होते.

दुसरं कारण तुमचा स्टीलचा अँगल. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०२३ मिमी वाढतं, स्टील साधारण त्याच्या निम्मं. दीड मीटरच्या धारेवर १५ अंशांचा फरक म्हणजे दोघांमध्ये जवळपास पाव मिलीमीटर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली सकाळ-दुपारचा फरक सहज तेवढा होतो. क्लेकोने जखडलेली धार तापून फुगायला जागा शोधते आणि त्याच ताणलेल्या अवस्थेत प्रोसील घट्ट होतं. पुढच्या वेळी ॲल्युमिनियमचाच सरळ अँगल घ्या, प्रत्येक भोकात क्लेको.

गोदाकाठ_नांदेड
प्रोसीलचं उत्तर उन्हाळ्यातच आहे. बी-२ म्हणजे २५ अंशांना दोन तास काम करता येण्याजोगं. त्यापुढे तापमान दर साडेपाच अंशांनी वाढलं की वेळ निम्मा. ३६ अंशांना अर्धा तास, ४१ च्या पुढे पाव तास. कूलर लावला असेल तर ओलाव्यामुळे आणखी लवकर. पहाटे पाचला मिसळा, वजनावर मिसळा (डब्यावरचं प्रमाण काट्यावर मोजून, अंदाजाने नाही), आणि एका वेळी एका धारेपुरतंच. रिव्हेटची सगळी तयारी, म्हणजे डीबरिंग (भोकांच्या कडा साफ करणं), डिंपल, कोरडी जुळवणी, आधीच झालेली हवी.

त्या कूलरचं अजून एक. इपॉक्सी प्रायमर मारताना तो बंद ठेवा, बारीक तुषार पडले की प्रायमरवर पांढरट झाक येते. खळ्यांचा हंगाम असेल तर धूळ बसावी म्हणून जमिनीवर आधी पाणी शिंपडून, ती वाळू देऊन मग फवारा.

निळी फिल्म अजून स्किनवर असेल तर काढून टाका. पत्र्याखाली एक उन्हाळा गेला की ती चिकटून बसते आणि खरवडताना वरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा थर जातो.

वाळूज_टूलरूम
चंद्रकोरीबद्दल राहिलं. डोकं कापलं गेलेलं नाही, फक्त दबलं असेल तर कड बारीक कानसीने गुळगुळीत करा आणि तसंच ठेवा. १/८ इंची रिव्हेट काढताना भोक मोठं झालं तर तो दोष त्या खुणेपेक्षा वाईट. शॉप-हेड मोजा: व्यास ४.८ मिमीच्या आसपास, उंची १.६. तेवढं असेल तर रिव्हेट त्याचं काम करतोय. खूण पडते कारण रिव्हेट गन गुण्यात (काटकोनात) नसते, किंवा ट्रिगर सुटायच्या आत सेट (गनचं ठोकणारं तोंड) डोक्यावरून उडतो. गन दाबून धरा, सेटच्या तोंडाला मास्किंग टेप लावा, ३एक्स गनला १/८ साठी ४० पीएसआयच्या आसपास पुरतं. प्रेशर टाकीवर नाही, गनजवळच्या रेग्युलेटरवर बघा.

मांजराकाठ (लातूर)
आज सकाळी सव्वासहाला मोजलं, अडीचच्या थोडं वर भरलं, आणि कमान एकसारखी आहे. ठोकळे करतो. पण समजा एखादा रिव्हेट काढावाच लागला आणि भोक बिघडलं, तर ऊप्स रिव्हेट (बिघडलेल्या भोकासाठीचा जाड दांडीचा रिव्हेट) चालेल का?

गोदाकाठ_नांदेड
स्पारवर किंवा रिबवर चालतो. एनएएस१०९७एडी४ ची दांडी १/८ इंची आणि डोकं ३/३२ च्या डिंपलमध्ये बसण्याइतकं लहान, भोक ३० नंबरच्या ड्रिलने मोठं करावं लागतं. मागच्या धारेत मात्र आधी भोकाच्या मध्यापासून काठापर्यंत मोजा. किमान अंतर दांडीच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ३/३२ ला ४.८ मिमी आणि १/८ ला ६.४. तितकी जागा नसेल तर तिथे मोठा रिव्हेट घालू नका.
काढताना ४० नंबरचं ड्रिल डोक्याच्या बरोबर मध्यावर, डोक्याच्या जाडीइतकंच खोल. मग त्याच मापाचा पंच भोकात घालून तिरका दाबला की डोकं टपकन सुटतं. मागून आधार देऊन दांडी ठोकून काढा. पूर्ण आरपार ड्रिल चालवलं की भोकाचा आठ आकडा (एकमेकांत शिरलेली दोन भोकं) पडलाच समजा.
आणि पुढची स्किन पाइपवर वळवून बंद करण्याआधी आतले फोटो तारखेसह काढून ठेवा. बंद झाल्यावर तपासणाऱ्याला आतलं काही दिसत नाही.