पैसे भरूनही चित्र फुटकं दिसतं, काय करावं?

मदत हवी आहे. एका स्ट्रीमिंग सेवेचा सर्वात महागडा, ४के वाला प्लॅन घेतलाय. तरी लॅपटॉपला मॉनिटर जोडून चित्रपट लावला की अंधारातल्या दृश्यांत काळ्या रंगाचे चौकोन नि पट्टे दिसतात. रात्रीचा प्रसंग ज्याने इतक्या मेहनतीने टिपला, त्याचं काम असं चिखलात गेलेलं बघवत नाही. इंटरनेटचा वेग १०० एमबीपीएस आहे, म्हणजे अडचण तिथे नसावी.

थोडं वाचल्यावर कळलं की बऱ्याच सेवा ब्राउझरमध्ये ७२० किंवा १०८० पिक्सेलच्या वर जाऊच देत नाहीत. ४के साठी वाइडवाइन (गुगलची कॉपी-संरक्षण प्रणाली) एल१, म्हणजे तिची सर्वात वरची पातळी, किंवा तशाच पातळीचं हार्डवेअर संरक्षण लागतं, शिवाय लॅपटॉपचं व्हिडिओ आउटपुट आणि मॉनिटर दोन्हींना एचडीसीपी २.२ (केबलमधून जाणारं चित्र कॉपी होऊ नये म्हणूनचं कुलूप) चालायला हवं. हे सगळं कॉपी रोखण्यासाठी. पण चोरीची फाइल उतरवणाऱ्याला यातलं काहीच आडवं येत नाही, अडतो तो पैसे भरणारा!

मित्र म्हणतो, "तू पैसे भरलेच आहेस, मग तीच फिल्म टोरेंटवरून घे." मला ते पटत नाही. टोरेंटवर उतरवताना आपण तीच फाइल इतरांनाही वाटत असतो, आणि त्यांनी पैसे भरलेले नसतात.

वेगळं स्ट्रीमिंग उपकरण थेट मॉनिटरला जोडलं तर फरक पडेल का? की ४के ब्लू-रे डिस्कच घ्यावी? तिचा बिटरेट (दर सेकंदाला चित्रासाठी वापरला जाणारा डेटा) स्ट्रीमिंगच्या कितीतरी पट असतो. कुणी दोन्ही शेजारी लावून पाहिलंय का? आणि मित्राच्या म्हणण्यावर तुमचं मतही सांगा.