प्रतिमांचे एन्क्रिप्शन: लॉजिस्टिक मॅपवर विसंबावे की एईएसवर?

अंतिमवर्ष_सांगली यांचा प्रश्न

नमस्कार. मी संगणक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला आहे आणि आमच्या गटाने प्रकल्पासाठी क्ष-किरण प्रतिमांचे सुरक्षित एन्क्रिप्शन हा विषय घेतला आहे. आमची पद्धत थोडक्यात अशी आहे. 256 बाय 256 पिक्सेलची करड्या छटांची प्रतिमा घेऊन प्रथम अर्नोल्ड कॅट मॅपने पिक्सेलच्या जागा बदलायच्या. त्यानंतर लॉजिस्टिक मॅपमधून, म्हणजे आधीच्या मूल्यावरून पुढचे मूल्य काढणाऱ्या त्या साध्या समीकरणातून, आकड्यांची एक धारा तयार करायची आणि तिचे प्रत्येक पिक्सेलशी एक्सॉर करायचे (दोन संख्यांचे बिट जोडणारी क्रिया, जी पुन्हा केली की मूळ संख्या परत मिळते). समीकरणाचे सुरुवातीचे मूल्य, त्यातील आर हा गुणक आणि जागा बदलण्याच्या फेऱ्यांची संख्या मिळून आमची किल्ली होते.

निकाल चांगले दिसत आहेत. हिस्टोग्राम (कोणती छटा किती वेळा येते याचा आलेख) सपाट आहे, एंट्रॉपी (यादृच्छिकतेचे माप, येथे कमाल 8) 7.997 आहे, शेजारच्या पिक्सेलमधील सहसंबंध शून्याच्या जवळ आहे आणि एनपीसीआर (बदललेल्या पिक्सेलचे प्रमाण) 99.6 टक्के आला आहे. आमचे मार्गदर्शक सर समाधानी आहेत. परंतु ओळखीच्या एका एक्स-रे सेंटरच्या डॉक्टरांनी हे आपल्याकडे वापरता येईल का असे विचारले, तेव्हा होकार द्यावा की नाही हे ठरवता येईना. आम्ही वाचलेल्या बहुतेक शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत असे म्हटले आहे की प्रतिमांचा आकार मोठा असतो आणि शेजारचे पिक्सेल सारखे असतात, म्हणून एईएस ही सर्वत्र वापरली जाणारी प्रमाणित एन्क्रिप्शन पद्धत प्रतिमांसाठी योग्य नाही. हे खरे आहे का? एईएस वापरायचेच झाले तर ते पिक्सेलवर चालवायचे की संपूर्ण फाइलवर?

शून्यबेरीज यांचे उत्तर

डॉक्टरांना तूर्त नाही म्हणून सांगा. तुमची पद्धत मोडायला किल्ली लागत नाही, निवडलेली तीन चित्रे पुरतात.

समजा, हल्लेखोराला त्याच किल्लीने स्वतःची चित्रे एन्क्रिप्ट करून घेण्याची संधी मिळाली. पहिले चित्र तो पूर्ण काळे देईल, म्हणजे प्रत्येक पिक्सेल 0. काळ्या चित्रातील पिक्सेल कितीही पिसले तरी चित्र काळेच राहते, आणि शून्याशी एक्सॉर केले की समोरची संख्या जशीच्या तशी उतरते. त्यामुळे बाहेर पडणारे चित्र म्हणजे तुमची गुप्त धाराच असेल. दुसऱ्या चित्रात प्रत्येक पिक्सेलमध्ये तो ज्या ओळीत आहे त्या ओळीचा क्रमांक लिहायचा. ओळी 0 ते 255 आहेत आणि छटाही 0 ते 255 आहेत, त्यामुळे क्रमांक नेमके बसतात. आलेल्या कूटचित्राचे आधीच मिळालेल्या धारेशी एक्सॉर केले की कोणत्या जागी कोणत्या ओळीतला पिक्सेल येऊन पडला हे सरळ वाचता येते. तिसऱ्या चित्रात हेच स्तंभांच्या क्रमांकांनी करायचे. एवढ्यावर त्या किल्लीने बंद केलेली यापुढची आणि यापूर्वीची प्रत्येक प्रतिमा उघडते. सुरुवातीचे मूल्य किती होते आणि आर किती होता, हे हल्लेखोराला कधी कळतही नाही आणि कळण्याची गरजही पडत नाही.

चित्रे निवडून देण्याची संधी बाहेरच्या माणसाला कोण देईल, असे तुम्ही म्हणाल. एक्स-रेच्या बाबतीत तेवढीही गरज नाही. बहुतेक प्रतिमांच्या कडा काळ्या असतात. एकाच किल्लीने पुष्कळ प्रतिमा बंद झाल्या की काही जागांवर प्रत्येक वेळी तेच मूल्य दिसू लागते, आणि ते मूल्य म्हणजे तुमच्या धारेचा उघडा पडलेला तुकडा असतो. एकच धारा दोन प्रतिमांना वापरणे हा धारेवर चालणाऱ्या कोणत्याही पद्धतीतला सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडणारा दोष आहे.

आता तुमच्या आकड्यांविषयी. एनपीसीआर 99.6 टक्के आला हे वाचून मला शंका आली. ही चाचणी मूळ चित्र आणि कूटचित्र यांची तुलना करत नाही. मूळ चित्रातला एकच पिक्सेल बदलायचा, आधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही चित्रे एन्क्रिप्ट करायची आणि त्या दोन कूटचित्रांत किती टक्के पिक्सेल वेगळे आले हे मोजायचे, अशी ती चाचणी आहे. तुमच्या पद्धतीत धारा चित्रावर अवलंबूनच नसल्यामुळे 65,536 पिक्सेलपैकी फक्त एक वेगळा येईल, म्हणजे सुमारे 0.0015 टक्के. तुमचा आकडा 99.6 असेल तर मोजणी मूळ चित्राशी झाली असण्याची शक्यता फार मोठी आहे. मात्र योग्य रीतीने मोजलेला एनपीसीआर 99.61 च्या आसपास आला म्हणून पद्धत सुरक्षित ठरते असेही नाही. मर्सेन ट्विस्टर हा पायथनमधला नेहमीचा यादृच्छिक अंकजनक बीज 1 देऊन चालवा आणि त्याच्या बाइट्सशी एक्सॉर करा. हिस्टोग्राम असाच सपाट येईल आणि एंट्रॉपीही 7.997 येईल. पण त्या जनकाची सलग 624 फले हाती लागली की पुढची सगळी फले सांगता येतात. सपाट हिस्टोग्रामवरून एवढेच कळते की नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही.

किल्लीचा अवकाशही कागदावर दिसतो तेवढा मोठा नाही. 256 बाय 256 च्या चित्रावर कॅट मॅप 192 फेऱ्यांनी मूळ चित्र परत देतो, म्हणून फेऱ्यांची संख्या कितीही मोठी लिहिली तरी वेगळे पर्याय 192 च्या वर जात नाहीत. आर 3.83 च्या जवळ पडला तर लॉजिस्टिक मॅप तीन मूल्यांमध्ये फिरत राहतो आणि धारा म्हणायलाही काही उरत नाही. शिवाय दोन वेगळ्या यंत्रांवर दशांशाच्या शेवटच्या स्थानी किंचित फरक पडला, तर सुरुवातीच्या सूक्ष्म फरकाला असलेल्या ज्या संवेदनशीलतेचे निबंधांत कौतुक असते तिच्यामुळेच तुमची स्वतःची प्रतिमा तुम्हाला उघडता येणार नाही.

एईएस प्रतिमांना चालत नाही, हे वाक्य एका निबंधातून दुसऱ्यात उतरत आले आहे. त्यामागे जे चित्र असते ते म्हणजे लिनक्सचा टक्स पेंग्विन. ईसीबी पद्धतीने एन्क्रिप्ट केल्यावरही त्याची आकृती स्पष्ट दिसते, कारण एईएस 16 बाइट्सचा एक ठोकळा एका वेळी घेते आणि ईसीबीमध्ये सारख्या ठोकळ्याचे उत्तर नेहमी सारखेच येते. दोष ईसीबीचा आहे. तेच एईएस सीटीआर किंवा जीसीएम या, सारख्या ठोकळ्यांचेही वेगळे उत्तर देणाऱ्या, पद्धतीने चालवले की पेंग्विन उरत नाही. वेगाची तक्रारही जुनी झाली. इंटेलने 2010 मध्ये एईएससाठी प्रोसेसरमध्येच खास सूचना दिल्या, आणि जिथे त्या नाहीत तिथे चाचा20-पॉली1305 ही नुसत्या सॉफ्टवेअरवरही वेगाने चालणारी पद्धत आहे. आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो ते प्रत्येक छायाचित्र एईएस-256 नेच बंद होऊन जाते. त्यासाठी प्रतिमांची वेगळी पद्धत कोणी शोधलेली नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: एन्क्रिप्शन फाइलवर करा, पिक्सेलवर नको. जेपीईजी असो, पीएनजी असो वा डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचा फाइल प्रकार) असो, फाइल म्हणजे बाइट्सची रांग आहे. पायथनच्या क्रिप्टोग्राफी संग्रहात एईएस-जीसीएम तयार मिळते. 32 बाइट्सची किल्ली आणि प्रत्येक फाइलसाठी 12 बाइट्सचा नवा नॉन्स (एकदाच वापरायची संख्या) घ्या, तो फाइलच्या सुरुवातीला उघडाच साठवा, शेवटी 16 बाइट्सचा टॅग (फाइलमध्ये फेरफार झाला तर तो पकडणारा शिक्का) येईल. फाइल एकूण 28 बाइट्सनी वाढते. एकाच किल्लीने तोच नॉन्स पुन्हा वापरला तर मात्र जीसीएमसुद्धा तुमच्या लॉजिस्टिक मॅपच्या पंगतीला जाऊन बसते.

क्षकिरण यांचे उत्तर

मी रेडिओलॉजी विभागाची संगणक व्यवस्था पाहते. प्रत्यक्षात गळती कुठून होते तेवढेच सांगते.

डायकॉम फाइलच्या शीर्षभागात रुग्णाचे नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक असतो. पिक्सेल कितीही उत्तम बंद केले आणि शीर्षभाग उघडा राहिला, तर कोणाची कोणत्या दिवशी कसली तपासणी झाली हे कोणालाही वाचता येते. फाइलचे नावच रुग्णाच्या नावाने दिलेले असते, हा दुसरा नेहमीचा प्रकार. एन्क्रिप्ट करण्यापूर्वी ती प्रतिमा विंडोजच्या फोल्डरमध्ये कोणी पाहिली असेल तर तिची छोटी प्रत लघुचित्रांच्या साठ्यात राहून जाते, आणि मूळ फाइल पुसली तरी ती तिथे राहू शकते. म्हणून त्या संगणकाची संपूर्ण डिस्कच एन्क्रिप्ट केलेली असावी.

लहान सेंटरने स्वतःचे सॉफ्टवेअर लिहून घेऊ नये असे माझे मत आहे. 7-झिपमध्ये 7झेड प्रकार घेऊन फाइलची नावेही एन्क्रिप्ट करण्याच्या खुणेवर टिचकी मारली, तरी बहुतेक काम होते. जुन्या झिपचा झिपक्रिप्टो प्रकार मात्र टाळा. 1994 मध्येच त्यावरचा हल्ला प्रसिद्ध झाला असून त्याला मूळ मजकुराचे अवघे 12 बाइट्स ठाऊक असणे पुरते. पीएनजी फाइलचे पहिले 16 बाइट्स प्रत्येक फाइलमध्ये तेच असतात. अशी फाइल झिपमध्ये न दाबता ठेवलेली असेल, तर हल्लेखोराचे अर्धे काम झालेलेच असते. पासवर्ड ज्या व्हॉट्सॲपवर फाइल गेली त्यावर पाठवू नये, फोनवर सांगावा. आणि तो फक्त एकाच कर्मचाऱ्याला ठाऊक असू नये, कारण तो माणूस नोकरी सोडून गेला की वर्षभराच्या प्रतिमाही त्याच्याबरोबर गेल्या असे समजायचे.

पिसलेला_पत्ता यांचे उत्तर

शून्यबेरीज यांच्या हल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण प्रतिमांसाठी वेगळी पद्धत कधीच लागत नाही असा अर्थ कोणी काढू नये. 1998 मध्ये फ्रिडरिच यांनी केऑटिक मॅपवर (लॉजिस्टिक मॅपसारख्या समीकरणांवर) आधारलेली पद्धत मांडली तेव्हा जागा बदलणे आणि मूल्ये पसरवणे (एका पिक्सेलचा परिणाम इतरांवर नेणे) या दोन्ही पायऱ्या तिच्यात होत्या. पुढच्या अनेक अनुकरणांतून दुसरी पायरी गळाली आणि नुसते पिसणे उरले.

खरी गरज उभी राहते ती एन्क्रिप्शननंतरही फाइल जेपीईजी म्हणूनच उघडावी लागते तेव्हा. मधला सर्व्हर प्रतिमेला पुन्हा दाबणार असेल, तर एईएस-जीसीएमने बंद केलेल्या बाइट्सचा एक बिट जरी हलला तरी काहीच परत मिळत नाही. दुसरे उदाहरण म्हणजे नाओर आणि शमीर यांची 1994 मधील दृश्य कूटलेखनाची पद्धत. एका चित्राच्या दोन पारदर्शिका छापायच्या, एकट्या पारदर्शिकेत नुसते ठिपके दिसतात, एकावर एक ठेवल्या की चित्र डोळ्यांनाच दिसते. संगणकाची गरज नाही, आणि एकट्या पारदर्शिकेतून माहिती मिळत नाही याची गणिती सिद्धता आहे. चित्राचा उठाव मात्र कमी होतो, म्हणून एक्स-रेसाठी तिचा उपयोग नाही.

आणि चेहरा पिळवटून किंवा धूसर करून लपवणे म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. इंटरपोलने 2007 मध्ये एका गुन्हेगाराचा असा पिळवटलेला चेहरा पूर्ववत झालेला जगासमोर ठेवला होता. तिथे किल्ली नव्हतीच, होती ती फक्त उलटी फिरवता येणारी क्रिया.

अंतिमवर्ष_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एनपीसीआर आम्ही मूळ चित्राशीच मोजला होता. आता अडचण अशी आहे की प्रकल्पाचे शीर्षक नोंदवून झाले आहे आणि ते बदलता येत नाही. परीक्षकांसमोर काय ठेवावे?

शून्यबेरीज यांचे उत्तर

शीर्षक तेच राहू द्या. तुमची पद्धत पहिल्या प्रकरणात मांडा आणि दुसऱ्या प्रकरणात ती तीन चित्रांनी मोडून दाखवा. प्रोग्राम पन्नास ओळींच्या वर जाणार नाही आणि पडद्यावर एक्स-रे उघडताना परीक्षकांना दिसेल. तिसऱ्या प्रकरणात तीच फाइल एईएस-जीसीएमने बंद करा. किल्ली पासवर्डवरून काढायची असेल तर आर्गॉन2 ही त्यासाठीची मुद्दाम संथ ठेवलेली पद्धत वापरा, पासवर्ड थेट किल्ली म्हणून देऊ नका. फाइलचे नाव आणि नोंदणी क्रमांक यांच्यासाठी क्षकिरण ताईंचा परिच्छेद समोर ठेवा.

एक प्रयोग जरूर करा. दोन्ही पद्धतींनी बंद केलेल्या फाइलमधला एक बिट मुद्दाम उलटा करा. तुमच्या पद्धतीत प्रतिमा निमूटपणे उघडेल आणि एक पिक्सेल चुकीचा असेल. धारा ठाऊक असलेला माणूस हाडावरची भेगही अशीच पुसू शकतो. जीसीएम मात्र टॅग जुळत नाही म्हणून फाइल उघडायलाच नकार देईल. मी वाचलेल्या प्रतिमा-एन्क्रिप्शनवरच्या बहुतेक निबंधांत ही चाचणी नसते, त्यामुळे तिचा तक्ता एनपीसीआरच्या तक्त्याच्या आधी लावा.