तास भरले की इंजिन बंद? आधी शेडवर येऊन उभं राहा

तासगावची गाडी:
साताऱ्याच्या एका ग्रुपवर पोस्ट फिरतेय: "खंबाटकी घाटातले अपघात थांबवायचे तर अमेरिकेसारखं ट्रकला इलेक्ट्रॉनिक लॉगिंग, म्हणजे ड्रायव्हरचे तास नोंदणारं यंत्र, लावा. तास भरले की इंजिन बंद." हे साहेब कधी ट्रकच्या पायरीवर तरी चढलेत का? द्राक्षाच्या शेडवर सकाळी गाडी लावायची. पेट्या अजून बागेतच असतात. दुपारी हमाल जेवायला, मग ओळखीच्याची गाडी मध्येच घुसते. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात पडते संध्याकाळी, आणि लगेच व्यापाऱ्याचा फोन, "तिसऱ्या दिवशी पहाटे दिल्लीच्या आझादपूर मंडईला लागली पाहिजे." उशीर झाला की भाव पडला म्हणून भाड्यातून कापणार. शेडवर उभं राहिल्याचे तास कोण मोजणार?

हिशोबनीस कुपवाड:
दादा, इंजिन बंदबिंद काही होत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून सक्तीचं झालेलं यंत्र नुसती नोंद ठेवतं. सलग १० तास विश्रांती, मग १४ तासांचा दिवस, त्यात स्टिअरिंगवर जास्तीत जास्त ११ तास. तुमचं रडगाणं तिथलेही गातात, गोदामाच्या दारात गाडी उभी असली तरी ते १४ तास पळतच राहतात. पण आपल्याकडं काय आहे? दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती, हे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच लिहून ठेवलं होतं. पाळलं कुणी?

तासगावची गाडी:
तो कायदा पाच माणसं कामाला ठेवणाऱ्याला होता. माझी एकच गाडी. मालक मी, ड्रायव्हर मी, हप्ताही माझाच.

हिशोबनीस कुपवाड:
कलम ९१ वाचा, मोटार वाहन कायद्यातलं. मालवाहू गाडी चालवणाऱ्या कुणालाही तेच तास. आणि ई-वे बिलात, म्हणजे माल नेण्याच्या सरकारी ऑनलाइन कागदात, सरकार २०० किलोमीटरला एक दिवस देतं. घाई सरकारची नाही, तुमच्या व्यापाऱ्याची आहे. त्याच्याशी भांडा की!

तासगावची गाडी:
भांडलो. पुढच्या खेपेला गाडी दुसऱ्याची लागली.

वाईची लेक:
आमचे अण्णा बंगळूर लाईनला होते. झोप येऊ नये म्हणून डोळ्यांखाली बाम चोळायचे. घरी आले की तिथली कातडी सोललेली दिसायची. एकदा शिरवळच्या अलीकडं डुलकी लागली, गाडी दुभाजकावर. जीव वाचला, पण पाय गेला. मालक दवाखान्यात आला तो माल कुठंय विचारायला. यंत्र असतं तर आई निदान म्हणू शकली असती, बघा, किती तास चालवायला लावलंत.

चौदाटायर:
ताई, वाईट वाटलं. पण सगळी यंत्रं ट्रकलाच का ओ? सीझनला पेठ-सांगली रस्त्यावर रात्री या. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर टेप फुल्ल. समोरच्या गाडीचा अप्पर लाईट डोळ्यावर आला की ऊस दिसतच नाही, थेट बंपरात घुसतो. त्यांना कुठलं लॉगिंग?

पलूसचा पाटील:
आला का शेतकऱ्यावर! ऊस वाळला तर वजन तुझा बाप भरून देणार का? तोडणी टोळी आमच्या हातात नाही, कारखान्याचा नंबर आमच्या हातात नाही. कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीपुढं दोन-दोन रात्री ट्रॉली उभी असते.

चौदाटायर:
बाप काढू नको पाटला. माझी काच फुटली होती तुमच्यातल्याच एका ट्रॉलीमुळं. उतरून भांडायच्या आधी त्यानं टेपचा आवाज वाढवला.

हिशोबनीस कुपवाड:
विषय लॉगिंगचा होता.

पलूसचा पाटील:
विषय तोच आहे! तुमच्याच अमेरिकेत कापणीच्या हंगामात माल भरल्या जागेपासून १५० हवाई मैलांपर्यंत, म्हणजे सरळ रेषेत मोजून, शेतमालाला तासांची सूट आहे. ते नाही सांगितलं हिशोबनिसांनी. सोयीचं तेवढं उचलायचं.

हिशोबनीस कुपवाड:
सूट आहे, मान्य. दिव्याला आणि रिफ्लेक्टरला नाही.

वाईची लेक:
कुणाचंच झोपेवर बोलणं नाही. पाटील, नंबरला दोन रात्री जागलेला तुमचा ड्रायव्हर तिसऱ्या रात्री ट्रॅक्टर चालवतोच ना?

पलूसचा पाटील:
चालवतो. दुसरा ठेवायचा तर वाहतुकीत उरतं काय?

तासगावची गाडी:
हेच मी म्हणत होतो तेव्हा सगळे कायदा शिकवायला लागले. लावा यंत्र, माझी हरकत नाही. पण शेडवर गाडी लावली की घड्याळ सुरू, आणि चार तासांच्या पुढं उभं ठेवलं तर व्यापाऱ्यानं तासाप्रमाणं पैसे द्यायचे. बिल्टीवर छापा तसं.

हिशोबनीस कुपवाड:
आमचे शेठ छापतील, आणि तुमची गाडी कधीच लावणार नाहीत.

पलूसचा पाटील:
ते असू दे. रिफ्लेक्टर लावतो उद्या, चौदाटायरच्या काचेसाठी. टेप मात्र बंद होणार नाही.