अनुभव धागा : ठरवलेलं तडीस कसं नेलंत?

पार्लेकरीण
पाडव्याला संकल्प, एक जानेवारीला संकल्प, वाढदिवसाला संकल्प. आपल्याकडे मुहूर्तांना तोटा नाही. त्या संकल्पाचं पुढे काय होतं, यावर मात्र कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा काढला. स्वप्न कुठलंही चालेल, परीक्षा, घर, धावणं, पेटी शिकणं. फक्त ‘जिद्द असली की सगळं होतं’ छापाचं लिहू नका, ते घरच्या ग्रुपवर रोज सकाळी येतंच. नेमकं काय ठरवलंत, दिवसातली कुठली वेळ त्याला दिलीत, आणि मुंबईच्या धबडग्यात ती टिकवलीत कशी, हे लिहा. अर्धवट राहिलेलंही येऊ द्या.

ठाकुर्लीचा पोरगा
सीए फायनल. ऑफिस फोर्टात, घर ठाकुर्लीला. ‘सीए व्हायचंय’ असं कॉलेजपासून म्हणत होतो, पण म्हणण्याने अभ्यास होत नाही. फरक पडला तो नियम नीट वाचल्यावर. पेपर दोन ग्रुपांत विभागलेले असतात. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के लागतात. शिवाय एखाद्या पेपरात ६० पडले तर पुढच्या तीन प्रयत्नांना त्यातून सूट. हे कळल्यावर दोन्ही ग्रुप एकदम उडवायचा नाद सोडला. कागदावर लिहिलं : या वेळी फक्त पहिला ग्रुप, आणि त्यात ऑडिटला ६०.

सकाळी उलटं कल्याणला जायचो आणि तिथून सुटणारी लोकल पकडायचो. खिडकी नाही तरी बूड टेकायला जागा मिळायची. (‘रिटर्नवाले आमच्या जागा खातात’ म्हणून कल्याणचे काका कुरकुरायचे. त्यांचंही बरोबरच होतं.) कल्याण ते सीएसएमटी ५४ किलोमीटर, फास्ट असली तरी तास-सव्वा तास. गाडीत गणितं सोडवायची नाहीत हे पक्कं केलं, कारण चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथा बसलं की, कोपर हलत नाही. ऑडिट आणि लॉ वाचायला कोपर लागत नाही. गणितं रविवारी, घरी. पहिले काही दिवस चुकून भजनी मंडळाच्या डब्यात बसत होतो, तेव्हा अभंग पाठ झाले, ऑडिटची स्टँडर्ड्स नाहीत. डबा बदलला. ऑडिटला ६० काही आले नाहीत, ५८ आले. ग्रुप मात्र निघाला.

पार्लेकरीण
चौथी सीट आणि ऑडिट! हेच हवं होतं. येऊ द्या अजून.

खवचट गिरगावकर
धागा चांगला आहे, म्हणून आधीच एक फुगा फोडून ठेवतो. येल विद्यापीठात १९५३ साली ज्या ३ टक्के मुलांनी आपली ध्येयं लिहून काढली, त्यांनी वीस वर्षांनी बाकीच्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त पैसा कमावला, ही गोष्ट प्रत्येक प्रेरणादायी व्याख्यानात असते. असा अभ्यास झालेलाच नाही. लोकांनी शोध घेतला, येललाही विचारलं, काही हाती लागलं नाही.

याचा अर्थ ध्येय ठरवणं थोतांड आहे असा नव्हे. एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली मांडलं, की ‘जमेल तेवढं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड लक्ष्य दिलं तर माणूस जास्त काम करतो. त्याला पुढे भरपूर पुरावा मिळाला. ध्येय नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं वगैरे हवं असं सांगणारं, सगळीकडे मिरवणारं ते ‘स्मार्ट’ सूत्र मात्र जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये कंपन्यांच्या मॅनेजरांसाठी लिहिलं होतं. तुमच्या-माझ्या स्वप्नांसाठी नाही. ते आपण आपल्या गळ्यात घालून घेतलं.

माझा अनुभव घराचा. चाळीतल्या खोलीत वाढलो, त्यामुळे ‘मुंबईत स्वतःचं घर’ हे स्वप्न वेगळं पाहावं लागलं नाही. वर्षानुवर्षं म्हाडाची लॉटरी भरायचो आणि त्यालाच ध्येय समजायचो. सोडत कॉम्प्युटर काढतो, त्यात माझं कर्तृत्व काय? बायकोने वहीत दोन रकाने आखले : आपल्या हातातलं आणि नशिबातलं. लॉटरी उजवीकडे गेली. डावीकडे आलं, पगाराच्या दिवशीच डाउन पेमेंटच्या खात्यात ठरलेली रक्कम वळती करणं. लॉटरी आम्ही तरीही भरायचो, अनामत रक्कम परत मिळतेच. घर शेवटी बदलापूरला झालं, आणि ते डाव्या रकान्यातून झालं. बदलापूर म्हणजे मुंबई नव्हे असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं.

माहीमची सून
खवचटभाऊ, दोन रकाने उचलले हो तुमचे.

मी मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी धावले, २१.०९७ किलोमीटर. जानेवारीचा तिसरा रविवार ठरलेला असतो, त्यामुळे तारीख शोधावी लागत नाही, हा मोठाच फायदा. चाळिशी उलटलेली, आयुष्यात बस पकडण्यापलीकडे धावले नव्हते. वेळेचं लक्ष्य मुद्दाम ठेवलं नाही. एकच ठरवलं : पेडर रोडचा चढ न थांबता चढायचा. तो चढ शर्यत बरीच सरल्यावर, पाय भरून आल्यावर येतो, हे आधी धावलेल्या प्रत्येक बाईने बजावलं होतं.

सराव शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती. एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची, म्हणून हिशोब सोपा. पण कट्टा सपाट, चढाचा सराव होईना. मग शनिवारी नवऱ्याच्या स्कूटरवरून थेट पेडर रोडला जायचं, मी वर-खाली करायची, तो खाली चहा पीत बसायचा. सासूबाई आधी म्हणाल्या, ‘या वयात हे काय?’ नंतर त्याच पहाटे दार वाजवून उठवायला लागल्या. शर्यतीच्या दिवशी चढ चढले. पुढचं मरीन ड्राइव्ह निम्मं चालत गेले, पण ते ठरवलेलं नव्हतंच, त्यामुळे वाईट वाटलं नाही.

नाव नको
एमपीएससी. पूर्व निघायची, मुख्यला अडकायचो. पूर्वचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत, त्यामुळे पूर्व निघाल्याच्या आनंदाला फारसा अर्थ नसतो, हे घरच्यांना समजावताना जीव जायचा. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८ आहे, म्हणजे आयोग तुम्हाला बराच काळ झुलत ठेवू शकतो. मी स्वतःची मर्यादा तिसाव्या वाढदिवसाची ठेवली आणि ती वडिलांना आधीच सांगून ठेवली. तीस झालं, थांबलो. सध्या परळला एका क्लासमध्ये राज्यशास्त्र शिकवतो. बरं चाललंय.

पार्लेकरीण
थांबायची तारीख आधी सांगून ठेवायला धाडस लागतं, नाव नको. मला नाही वाटत ही अपयशाची नोंद आहे.

पोळीभाजीवाल्या काकूंची लेक
माझा नाही, आईचा अनुभव लिहिते. तिला विचारून.

आई सातवीत असताना शाळा सुटली. लग्न होऊन लालबागला आली, पुढे पोळीभाजी केंद्र काढलं. माझं ग्रॅज्युएशन झालं त्या वर्षी म्हणाली, ‘आता माझी दहावी.’ सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा.

तिची वेळ दुपारी अडीच ते चार. डबे गेलेले, संध्याकाळच्या कणकेला अवकाश. जागा ओट्याशेजारचं स्टूल. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती दुधाचे खाडे मांडायची, त्याच चौकोनात अभ्यासाचे खाडेही मांडायला लागली. दुधाचा खाडा पेनने, अभ्यासाचा पेन्सिलीने. महिनाअखेरी दूधवाल्याचा हिशोब झाला की स्वतःचा. खाडे जास्त निघाले तर त्या महिन्यात भिशीच्या जेवणाला जायचं नाही, ही शिक्षा तिची तिनेच लावून घेतलेली. गणपतीत लालबागला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवसांचे चौकोन तिने आधीच रेघ मारून सोडून दिले. म्हणाली, ‘होणार नाही ते कशाला मांडू?’

बीजगणिताने रडवलं. पास व्हायला ३५ लागतात हे कळल्यावर तिने मला सरळ सांगितलं, ‘मला पस्तिसापुरतंच शिकव.’ मी शहाणपणाने सगळं शिकवायला गेले की पुस्तक मिटायची. मराठीत ऐंशीच्या वर गेली, गणितात काठावर. निकालाच्या दिवशी डबे उशिरा गेले, एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

माहीमची सून
पेन्सिलीचे खाडे! काकूंना नमस्कार सांगा. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही दहावी करायचीय. त्या फॉर्मचं कसं असतं?

पोळीभाजीवाल्या काकूंची लेक
मंडळाच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरायचा असतो, परीक्षेच्या बरेच महिने आधी, त्यामुळे तारखेवर लक्ष ठेवा. आधार कार्ड आणि फोटो लागतो. शाळा सोडल्याचा दाखला मूळ लागतो, तो आत्ताच शोधायला सांगा. आईचा गावच्या शाळेतून काढावा लागला आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. मावशींना अडलं तर दुपारी अडीचनंतर आईकडे पाठवा. गणित सोडून काहीही विचारा म्हणाली.